रोजच्या शहरातल्या सायकलसाठी तुम्ही काय बघितलंत?

माळा आवरताना बाबांच्या सायकलचा डायनॅमो सापडला. टायरला घासून फिरणारा, बाटलीसारखा. तो लावला की पॅडल जड व्हायचं आणि थांबलं की दिवा गुल. हातात धरून बसले थोडा वेळ.

माझी पहिली सायकल मी २१ गिअर आणि पुढचं सस्पेन्शन बघून घेतली. रोजचे सहा किलोमीटर, सपाट डांबरी रस्ता. तीन-चार गिअरपलीकडे बोट गेलंच नाही. जोर लावला की पुढचं चाक धरणारा फोर्क दबायचा, जोर तिथेच जिरायचा. मडगार्ड नव्हते, त्यामुळे पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ. शेवटी विकली. आता साधा फोर्क, ७०० बाय ३८ चे (म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद) टायर, मडगार्ड, कॅरिअर. तुमचं सांगा.

—

टायर!! आधी २५ चे बारीक होते. ट्यूब काढली की शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. खिळा नाही, काच नाही; हवा कमी असताना खड्ड्यात टायर दबतो आणि रिम ट्यूबला चिमटते. ३५ चे टाकल्यापासून तसलं पंक्चर नाही. फ्रेममध्ये जागा आहे का ते आधी बघा मात्र.

—

मी २८ इंची म्हणून आणला, बसेचना. वैताग.

—

दादा, इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेवर ३७-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरा आकडा, म्हणजे रिमचं माप, जुळला पाहिजे. जुन्या काळ्या सायकलींना बहुतेक ६३५ लागतो, तोही २८ इंचीच म्हणतात.

—

लेकीला झोपवून आले, पटकन लिहिते. सीट खाली ठेवायचे, पाय टेकावेत म्हणून. गुडघा इतका दुखायचा की जिना नको वाटायचा. मग एकीने भिंतीला टेकवून बसवलं, पॅडल खाली, त्यावर टाच, पाय सरळ होईपर्यंत सीट वर. चवडा ठेवला की गुडघा जरासा वाकतो, तेवढंच हवं. महिन्यात फरक पडला.

—

अगं, माझाही उजवा गुडघा! उद्याच बघते.

—

मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, आतले गिअर घ्या. सिग्नलला उभ्या उभ्या बदलता येतात. मागचं चाक काढायला वेळ लागतो, ते मान्य.

—

विषय सोडून विचारतोय, डावं पॅडल निघत नाहीये. तासभर पाना लावून बसलोय.

—

डावीकडचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.

—

सुटलं!!! देव भलं करो.

—

ताई, तो डायनॅमो टाकू नका. बहुतेक ६ व्होल्ट, ३ वॅटचाच असेल. डायनॅमोवर चालणारे एलईडी दिवे मिळतात, काही तर थांबल्यावरही थोडा वेळ जळतात.

—

टाकत नाही हो. सायकल उलटी करून आत्ताच टायरला धरला आणि पॅडल फिरवलं. बाबांच्या जुन्या दिव्यातला बल्ब लागला, पिवळा.