अमार्ना : चटईत गुंडाळलेली माणसं खरं काय सांगतात?

निळाई
प्राचीन इजिप्त म्हटलं की तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा आठवतो. मला मात्र अमार्नाच्या दक्षिण दफनभूमीतली चटई आठवते. इ.स.पू. १३५० च्या सुमारास फॅरो (राजा) अखेनातेनने ओसाड जागी उभारलेली नवी राजधानी म्हणजे अमार्ना. तिथली साधी माणसं वाळूतल्या खड्ड्यांत पुरलेली आहेत. आधी कापड, वरून काड्यांची चटई, दोरीने बांधलेली. ममी नाही, बहुतेकांना शवपेटीही नाही. २००६ ते २०१३ मध्ये इथे उत्खनन झालं. ओझ्याने झिजलेले, दबलेले मणके, दातांवर लहानपणच्या आजाराच्या किंवा उपासमारीच्या आडव्या रेघा. आणि त्याच शहरात मुख्य पुरोहित मेरीरेच्या थडग्यात सूर्यदेव आतेनच्या देवळातले नैवेद्याचे ढीग कोरलेत! त्या कोरीव कामावर माझा विश्वास नाही, हाडांवर आहे; खरं इजिप्त मला त्यांतच दिसतं.

खापरी
असहमत. दोन कारणं. एक, हे शहर जेमतेम पंधरा वर्षं गजबजलेलं होतं, घाईत बांधलेलं. तिथली पाठदुखी तीन हजार वर्षांच्या इजिप्तवर कशी लादता? दुसरं, चोरांनी बहुतेक खड्डे प्राचीन काळीच उकरले. आज पेटी-वस्तूंविना रिकामा दिसणारा खड्डा तेव्हा रिकामा होता, हे कशावरून?

आणि चित्रांना इतक्या सहज खोटं ठरवू नका. चित्रांतल्या बायकांच्या डोक्यावर शंकू असतो. ती चित्रकारांची निव्वळ रीत, असं अनेक अभ्यासक मानत. अमार्नाच्या साध्या दफनांतच दोन सांगाड्यांच्या डोक्यावर तसे मेणाचे शंकू सापडले, एक २००९ ला, दुसरा २०१५ ला.

तिठा
शंकूचा मुद्दा पटला. मला त्यात गरिबीपेक्षा जिव्हाळा दिसतो. ज्यांच्याकडे पेटीला लाकूड नव्हतं, त्यांनी आपल्या माणसाला शंकू घालून पाठवलं. काही खड्ड्यांवर तर टोकदार माथ्याचे छोटे दगडही उभे केले होते. माणूस टाकून दिलेला नव्हता.

निळाई
खापरी, चोरीचा मुद्दा मान्य, पण मणके कोणी चोरून बदलत नाही. आणि तिठा, दक्षिण दफनभूमीत जिव्हाळा होता हे कबूल. मग उत्तर दफनभूमी बघा. २०१५ मध्ये तपासलेल्या १०५ सांगाड्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ७ ते २५ वयाचे, त्यांतही बहुतेक पंधराच्या आतले. एकाच खड्ड्यात दोन-तीन, सोबत जवळपास काहीच नाही. पाठीला इजा झालेली पोरं! कामाला जुंपलेली मुलं असावीत, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. या मुलांना चटईत गुंडाळताना त्यांची आई जवळ होती का?

खापरी
याला माझ्याकडे उत्तर नाही. 'सगळं इजिप्त असंच' हे मी अजूनही मानणार नाही. पण मेरीरेच्या थडग्यातला नैवेद्य आता मला पूर्वीसारखा बघता येणार नाही.