मदत हवी आहे: पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष निघाला, घरच्यांना कसं सांगायचं? (नागपूर)

मोगरा_२२
नमस्कार. जरा लवकर उत्तरं द्या कारण वेळ नाहीये. फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) झाली, बाळाच्या हृदयात प्रॉब्लेम आहे, जन्मानंतर ऑपरेशन लागेल असं सांगितलं. हे फक्त मला, मिस्टरांना आणि माझ्या आईला माहीत आहे. घरात सासूबाई, सासरे, जाऊबाई आणि आमची मोठी, ती केजी टूला आहे. सासूबाईंनी डोहाळजेवणाचं सगळं ठरवून टाकलं, हॉल झाला, हिरवी साडी घेऊन झाली, रोज कोणाला न कोणाला फोन लावून आमंत्रणं देऊन राहिल्या. मी समोर "हो आई" म्हणते आणि खोलीत येऊन दार लावून घेते. त्यांना बीपी आहे. मिस्टर म्हणतात डिलिव्हरीनंतरच सांगू, उगाच आत्तापासून रडारड नको. आई म्हणते सासरी सांगूच नको, तुलाच बोल लावतील. मला एवढंच विचारायचं आहे की डोहाळजेवणाच्या आधी सांगू की नंतर, मी सांगू की मिस्टरांनी, आणि मोठीला काय सांगायचं. हॉस्पिटलची नावं नको प्लीज, आणि धीर धरा वगैरे पण नको.

धंतोलीकर
ताई कितवा महिना? आणि प्रॉब्लेम म्हणजे नेमका कोणता? रिपोर्टच्या शेवटी इम्प्रेशन म्हणून दोनतीन ओळी असतात, त्या जशाच्या तशा टाका. लहानसं व्हीएसडी, म्हणजे खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र, असलं तर बरेचदा आपोआप बुजतं, आणि टीजीए, म्हणजे मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल, असलं तर पहिल्या दोनतीन आठवड्यांत ऑपरेशन करावं लागतं. घरी काय सांगायचं ते यावरच अवलंबून आहे ना.

वऱ्हाडी_माणूस
बाप्पा, काहून लपवून राहिले तुम्ही? सांगून टाका न. लपवलेली गोष्ट जाऊबाईच्या तोंडून बाहेर आली तर ते जास्त वाईट होते.

श्रावणसर
मी मिस्टरांच्या बाजूने. माझ्या वहिनीच्या वेळी सगळ्यांना आधी सांगितलं, मग रोज एक नातेवाईक येऊन बसायचा आणि तिच्यासमोरच डोळे पुसायचा. तिला जेवण जाईना. बाळंतपण नीट होऊ द्या, मग सांगा.

वऱ्हाडी_माणूस
@श्रावणसर गावभर सांगायचं कोण म्हणते? घरातल्यांना सांगायचं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

सक्करदरा_बाबा
अर्जुनाच्या सालीचा काढा हृदयाला उत्तम. आईने घेतला की बाळापर्यंत पोचतो. आमच्याकडे तीन पिढ्या घेतात. सोबत गर्भसंस्कार सुरू करा.

सिस्टर_एनआयसीयू
@सक्करदरा_बाबा कृपया असं लिहू नका. हा रचनेतला दोष आहे, भिंत नीट बनली नाही किंवा नळी अरुंद राहिली, ते काढ्याने बदलत नाही. आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही साल-मुळी घेऊ नये. गर्भसंस्काराची गाणी ऐकून त्यांना बरं वाटत असेल तर जरूर ऐकाव्यात, त्याबद्दल वाद नाही.

मोगराताई, मी नवजात विभागात काम करते. धंतोलीकरांनी विचारलं तेच मी पण विचारते, आणि अजून एक, डिलिव्हरी कुठे करायची ठरली आहे?

लालइमली
२४ आठवडे झालेत का? त्याच्यानंतर गर्भपातासाठी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं म्हणून विचारते.

मोगरा_२२
@लालइमली आम्हाला बाळ हवं आहे, डॉक्टरांशी बोलून झालं आहे, तो विषय इथे नको.

सत्ताविसावा आठवडा चालू आहे. रिपोर्टात टेट्रालॉजी ऑफ फॅलो (हृदयात चार दोष एकत्र) लिहिलं आहे, पल्मनरी स्टेनोसिससोबत (फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद), फुफ्फुसाकडच्या नळीच्या फांद्या चांगल्या आहेत असं मॅडम म्हणाल्या. डिलिव्हरी माहेरी, वणीला. मोठी पण तिथेच झाली, आईच्या घराजवळचं नर्सिंग होम आहे, डॉक्टर ओळखीच्या आहेत. पण मी हे विचारलंच नाहीये, मी घरी कसं सांगायचं ते विचारलं आहे.

सिस्टर_एनआयसीयू
ताई, चिडू नका, दोन्ही एकच प्रश्न आहे. फॅलोच्या बऱ्याच बाळांना जन्मल्या जन्मल्या फारसा त्रास नसतो, काही दिवसांत घरी जातात आणि ऑपरेशन साधारण सहा महिने ते वर्षाच्या आसपास होतं. पण फुफ्फुसाकडे जाणारी वाट किती अरुंद आहे ते जन्मानंतरच्या इकोतच खरं कळतं. फारच अरुंद निघाली तर डक्टस नावाची नळी उघडी ठेवायला पहिल्याच दिवसापासून प्रोस्टाग्लॅन्डिनचं ड्रिप लावावं लागतं. त्यासाठी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग लागतो आणि लहान मुलांचा हृदयाचा डॉक्टर जवळ लागतो. वणीहून नागपूरपर्यंत निळं बाळ अँब्युलन्समधून आणायची वेळ येऊ नये. म्हणजे डिलिव्हरी नागपुरातच व्हायला हवी, आणि माहेरचं बाळंतपण रद्द का झालं हे तुम्ही सासूबाईंना न सांगता कसं समजावणार? म्हणून म्हणते, डोहाळजेवणाच्या आधीच सांगा.

अजून एक, फॅलोच्या काही बाळांमध्ये २२क्यू डिलीशन म्हणून जनुकातला दोष असतो, त्याची तपासणी सुचवली होती का ते मॅडमना विचारून घ्या.

पिलूची_आजी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे सासूच्या. माझ्या नातीला हाच आजार, आता ती तिसरीत आहे. सुनेने आणि मुलाने मला सातव्या महिन्यात सांगितलं. मी दोन दिवस देवघरातून उठले नाही, खरं सांगते. पण नंतर वाटलं बरं झालं सांगितलं, कारण सून कामावर गेली की बाळ माझ्याच मांडीवर असणार होतं. रडताना बाळ निळं पडायला लागलं, ओठ जांभळे, श्वास जोरात, तर काय करायचं हे मला कोणी आधी शिकवलं नसतं तर मी कांदा हुंगवत बसले असते. गुडघे पोटाशी दुमडून छातीकडे दाबून धरायचे, आपण घाबरायचं नाही, बाळाला शांत करायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. सिस्टरने मला बाहुलीवर करून दाखवलं, दोनदा माझ्याकडून करून घेतलं. बीपी बीपी म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना काही सांगत नाही तुम्ही लोक, आणि मग बाळ तर आमच्याच हातात देता.

आणि सांगताना "आई, घाबरू नका" ने सुरुवात करू नये, त्यानेच छातीत धस्स होतं.

श्रावणसर
आजी, तुमचं पटलं. निळं पडण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

काटोल_संत्री
योजनेचं कोणीच बोलून नाही राहिलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पांढरं रेशन कार्ड असलं तरी चालते. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असते, आधी तिथे विचारा कोणतं ऑपरेशन कोणत्या पॅकेजात बसते. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून, ० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी, त्यात जन्मजात हृदयरोग आहे. अंगणवाडीतून किंवा डागा सरकारी हॉस्पिटलला जाऊन विचारा. मिस्टरांच्या कंपनीचा विमा असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का ते आत्ताच एचआरकडून मेलवर लिहून घ्या, तोंडी नको.

रामटेक_रोड
एवढं कशाला, सरळ नवा रायपूरला जा. सत्य साई संजीवनी, फक्त लहान मुलांच्या हृदयाचं, सगळं मोफत. माझ्या भाच्याचं तिथेच झालं.

धंतोलीकर
@रामटेक_रोड ताईंनी वर लिहिलं आहे नावं नको म्हणून. आणि मोफत आहे म्हणजे उद्या गेलं आणि परवा झालं असं नसतं, नंबर लागतो.

रामटेक_रोड
हो पण मग आत्ताच रिपोर्ट पाठवून विचारून ठेवलं तर काय वाईट आहे? बाळ झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा बरं. नागपूरहून ट्रेन भरपूर आहेत.

गोंदिया_एक्स
दुपारची वंदे भारत घ्या, रायपूरला संध्याकाळपर्यंत पोचते. फक्त परतीची सकाळी लवकर असते, त्यामुळे तिथे मुक्काम धरा. लहान बाळासोबत स्लीपरने जाऊ नका मे महिन्यात.

लालइमली
मे वरून आठवलं, धंतोलीत पार्किंगचं काय करता हो तुम्ही लोक? सोनोग्राफीच्या दिवशी गाडी कुठे लावायची समजत नाही, मेट्रोने यायचं म्हटलं तर स्टेशनपासून उन्हात चालवत नाही.

मोगरा_२२
कृपया विषयावर या. आजी, तुमचं वाचून मी मिस्टरांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण फोन परत दिला नाही बराच वेळ. सिस्टर, वणीचं मी खरंच तसं बघितलं नव्हतं, आईला कसं सांगू तो आता वेगळाच प्रश्न.

मला भीती कशाची आहे ते स्पष्टच लिहिते. ग्रहणाच्या दिवशी मी ऑफिसला गेले होते, सासूबाई नको म्हणत होत्या. त्या स्वतः वाईट नाहीत पण मावससासूबाई आहेत, त्या पहिलं वाक्य हेच बोलतील. मग मी काय बोलू?

सिस्टर_एनआयसीयू
बाळाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांत बनून होतं. दिवस गेल्याचं कळून तुम्ही पहिल्यांदा डॉक्टरकडे जाता तोवर कप्पे बनत आलेले असतात. ग्रहणाचा काही संबंध नाही, ऑफिसचा नाही, जिना चढण्याचा नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. दर शंभरातल्या साधारण एका बाळाला हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. आणि हे मावससासूबाईंना तुम्ही सांगायचं नाही, मिस्टरांनी सांगायचं. जमल्यास सासू-सासऱ्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टर कागदावर हृदयाचं चित्र काढून सांगतात, ते चित्र घरी आणा. आलेल्या माणसाला तेच दाखवायचं, म्हणजे प्रत्येकजण आपापली गोष्ट बनवत नाही.

वऱ्हाडी_माणूस
हाव, मिस्टरांनीच बोलायचं. आपल्या आईला आपणच सांगायचं असते, बायकोला पुढे करायचं नाही.

दोन_लेकरांची_माय
मोठीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी मोठी पाच वर्षांची होती. तिला एवढंच सांगितलं की बाळाच्या हृदयाला दुरुस्ती लागणार आहे, डॉक्टर करतील, तोवर बाळ लवकर दमेल. "छिद्र" शब्द वापरला नाही, कारण तिला वाटलं असतं बाळातून रक्त गळतं. आणि हे तुझ्यामुळे झालं नाही, तुला होणार नाही, हे आपणहून सांगा. मुलं विचारत नाहीत पण मनात धरून बसतात, माझी रात्री उठून स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघायची. तिला एक काम द्या. शाळेतून आलं की हातपाय धुवून, कपडे बदलूनच बाळाजवळ, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावायची ड्युटी तिची. सर्दी-खोकला घरात तीच आणणार असते, त्यामुळे हे खरंच कामाचं आहे.

सासूबाईंसाठी पण यादी करा. धुरी नाही, म्हणजे ओवा-शेपाची पण नाही. मध चाटवायचा नाही. बारशाला शंभर लोक नाहीत, पापे घेणं तर नाहीच. मालिश करायला मिळेल का हे त्या विचारतीलच, तर हलक्या हाताने चालते पण डॉक्टरांना विचारून. ऑपरेशननंतर मात्र साधारण दीड महिना बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक बुडाखाली, कारण छातीचं हाड जुळत असतं.

पिलूची_आजी
आणि उन्हाळा! बाळ मेमध्ये होणार ना? फॅलोच्या बाळाला पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, निळं पडण्याचे झटके वाढतात. उलटी-जुलाब झाले तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. अंगावरचं दूध थोडं थोडं पण वारंवार, वरचं पाणी नाही. दूध पिताना कपाळावर घाम येतो का, मधेच सोडून देतं का, हे रोज वहीत लिहा. कूलर नीट करून घ्या आत्ताच.

मोगरा_२२
सांगितलं. रविवारी जेवणं झाल्यावर मिस्टरांनी सांगितलं, मी शेजारी बसले होते. सासरे म्हणाले रिपोर्ट द्या, आणि चष्मा लावून अख्खा वाचला, एक अक्षर कळलं नसणार. सासूबाई रडल्या, मग विचारलं, "दूध ओढेल का गं ते?" मी हो म्हटलं. ग्रहणाचं कोणी काढलं नाही, अजून तरी. डोहाळजेवण होणार आहे पण हॉल रद्द, घरीच, जवळची माणसं. डिलिव्हरी नागपुरात. वणीला आई रुसली आहे, तिला वाटतं सासरच्यांनी अडवलं, तिला घेऊन इथल्या मॅडमकडे जाणार आहे पुढच्या भेटीला.

मोठीला हात धुण्याची ड्युटी दिली, तिने आजोबांना दोनदा परत पाठवलं बेसिनवर.

@रामटेक_रोड रायपूरच्या हॉस्पिटलला पाठवायला फीटल इकोची प्रिंट पुरते की सीडी पण लागते?

रामटेक_रोड
आम्ही दोन्ही दिलं होतं. लॅबवाले सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत, आत्ताच मागून ठेवा. आणि रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये मिस्टरांच्या पण ठेवा, तुमच्या एकट्याच्या नको.