जिंजाला, म्हणजे जपानच्या शिंतो धर्मातल्या प्रार्थनास्थळाला, मराठीत काय म्हणायचं? मंदिर, देऊळ की अजून काही?

मी तोक्योत निशिकासाईला राहते, घरामागेच एक छोटंसं जिंजा आहे, लेकीला शाळेत सोडून येताना तिथे दोन मिनिटं थांबते. आईला फोनवर "मंदिरात जाऊन आले" म्हटलं की ती लगेच विचारते कुठल्या देवाचं गं, मूर्ती कशी आहे, आणि मी अडकते कारण मूर्ती दिसतच नाही. तोरीपाशी, म्हणजे प्रवेशाच्या कमानीपाशी, वाकून आत जायचं, आधी डावा मग उजवा हात धुवायचा, चूळ भरायची, पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं, झालं. शिवाय ओतेरा म्हणजे बौद्धांचं, त्यालाही आपण मंदिरच म्हणतो, मग फरक कळणार कसा? सुचवा ना कुणीतरी.

*

ताई, देऊळ म्हणा की. देऊळ आलंय देवकुलवरून, म्हणजे देवाचं घर, आणि जपानी लोक जिंजाला प्रेमाने ओमिया म्हणतात त्यातल्या मियाचा अर्थही मानाचं घर असाच आहे. इतका जुळणारा शब्द दुसरा मिळायचा नाही.

तोरीचं मात्र जपून हं, तोरणावरून तोरी आला असं बरेच जण ठोकून देतात पण त्यावर एकमत नाही, ज्या अक्षरांनी तो लिहितात त्यांचा अर्थ पक्षी बसायची जागा असा होतो.

*

देऊळ मला तितकंसं पटत नाही. जिंजामधला 'जा' ज्या अक्षराने लिहितात तेच अक्षर एकटं असलं की यशिरो वाचतात, या म्हणजे घर आणि शिरो म्हणजे जागा, म्हणजे घर नाही तर घर उभारायची जागा! नाराजवळच्या ओमिवा जिंजात मुख्य गाभारा मुळी नाहीच, मागचा मिवा डोंगर हाच देव. इसे गावच्या जिंजात तर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर सगळं नव्याने बांधतात, मागचं २०१३ला झालं. म्हणून मला देवस्थान किंवा सरळ देवाचं ठाणं जवळचं वाटतं. आपल्याकडे तांदळा असतो ना, न घडवलेला दगड, तसा तिथेही दगड, आरसा किंवा तलवार असते, फक्त ती आत झाकलेली, भक्तांना दिसत नाही.

आणि भोवतीच्या झाडीला चिंजुनोमोरी म्हणतात, त्याला देवराई सोडून दुसरा शब्दच नको. १९०६नंतर सरकारने छोटी छोटी जिंजा एकत्र करायला घेतली, हजारो बंद झाली आणि त्यांची झाडी तुटली, तेव्हा मिनाकाता कुमागुसु नावाचा निसर्गअभ्यासक त्याविरुद्ध अक्षरशः भांडला, तुरुंगातही गेला. आपल्या कोकणातल्या देवरहाट्या तुटताना बघितल्यात मी, त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

*

देवस्थान आवडलं! पण आपल्याकडे देवस्थान म्हटलं की ट्रस्ट, भक्तनिवास, दर्शनाची रांग डोळ्यासमोर येते, माझं जिंजा तर दोन खोल्यांएवढं आहे आणि बऱ्याचदा तिथे कुणीच नसतं. म्हणून ठाणंच घेते. आईला काल देवराईतलं ठाणं म्हणून सांगितलं तर तिने मूर्तीचं विचारलंच नाही, झाडं कुठली आहेत विचारलं.

आता एकच, ते जिंजा की तो जिंजा? मी आपोआप ते म्हणते.

*

तेच बरोबर, देऊळ आणि ठाणं दोन्ही नपुंसकलिंगी, त्यांच्या जोडीला ते जिंजाच शोभतं. अनेकवचनही ती जिंजा, जिंजे नको.