आई पाहुणी म्हणून अमेरिकेत. ग्रीन कार्डचा अर्ज तिथूनच करावा का?

प्रश्न – फैजपूरकर

माझे थोरले बंधू न्यू जर्सीत राहतात. मार्चमध्ये त्यांनी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. आमची आई, वय ७१, नातवाच्या मुंजीसाठी जानेवारीत बी-२ या भेटीच्या व्हिसावर तिकडे गेली असून आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीप्रमाणे तिच्या मुक्कामाची मुदत जुलैपर्यंत आहे. दादांचे म्हणणे असे की, आई आलीच आहे तर तिला परत न पाठवता तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करावा. कागदपत्रे जमवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले आहे.

आईचा जन्म १९५४ सालचा, चोपडा तालुक्यातल्या आजोळी, घरीच झालेला. ग्रामपंचायतीत त्याची नोंद सापडत नाही. दादांच्या १९७९ च्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी आहे आणि आईचे नाव माहेरचे लागले आहे, तर पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव आहे. शिवाय केळीची बाग आईच्या नावावर आहे आणि वडिलांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, त्यांचे काय होईल? यंदाची आखाजी तिकडेच गेली, निदान श्रावणात कानबाईच्या सणाला तरी घरी पोहोचव, असे ती रोज फोनवर सांगते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – ओहायोतील भुसावळकर

कायद्याने वाट मोकळी आहे. २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईवडील ‘निकटचे नातलग’ या वर्गात मोडतात. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसल्याने रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि आई रीतसर तपासणी होऊन देशात आलेली असल्याने आय-१३० (नात्यासाठी मुलाने करायचा) व आय-४८५ (तिथूनच ग्रीन कार्ड मागणारा आईचा) हे दोन्ही अर्ज एकदमच दाखल करता येतात. माझ्या वडिलांचे मी असेच केले. एप्रिल २०२४ पासूनच्या दराने कागदी आय-१३० ला ६७५ आणि आय-४८५ ला १,४४० डॉलर पडतात. मान्यताप्राप्त डॉक्टरांकडील वैद्यकीय तपासणीचा खर्च वेगळा, आणि तिचा आय-६९३ हा अर्ज आता आय-४८५ सोबतच जोडावा लागतो.

‘नव्वद दिवस थांबा, मग अर्ज करा’ असे पुष्कळ जण सांगतील. तो नियम परराष्ट्र खात्याच्या हस्तपुस्तिकेतला, वकिलातीतील अधिकाऱ्यांसाठी आहे. ग्रीन कार्डचे अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएस या खात्यावर तो बंधनकारक नाही. मुलाखतीत पाहिले जाते ते हे की, विमानतळावर उतरताना मनात कायम राहण्याचा बेत लपवलेला होता का. तुमच्या आई मुंजीसाठी गेल्या आणि बंधूंची शपथ त्यानंतर झाली, हे सरळ सांगण्यासारखे आहे. विचारले तर तेच सांगावे, सजवू नये.

बंधूंना आय-८६४ वर आर्थिक हमी द्यावी लागेल. ते, पत्नी, दोन मुले आणि आई असे पाच जण धरले, तर २०२५ च्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे वर्षाला ४७,०६२ डॉलर उत्पन्न दाखवावे लागत होते, आणि हा आकडा दरवर्षी बदलतो. ही हमी सहीपुरती नसते, ती वर्षानुवर्षे अंगावर राहते.

मात्र कानबाई इथे आडवी येते. आय-४८५ दाखल केल्यावर प्रवासाची आगाऊ परवानगी हाती नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते, आणि ती परवानगी श्रावणापर्यंत येईल या भरवशावर तिकीट काढू नये. माझ्या वडिलांना सख्ख्या भावाच्या दहाव्याला जाता आले नाही. ते अजूनही बोलून दाखवतात.

उत्तर – निवृत्त ग्रामसेवक, जळगाव

आईच्या जन्मदाखल्यामागे सगळे धावतात, पण नाते सिद्ध होते ते मुलाच्या दाखल्यावरून. आईसाठी अर्ज करणाऱ्याने स्वतःच्या जन्मदाखल्यावर स्वतःचे व आईचे नाव दाखवायचे असते. (वडिलांसाठी अर्ज असता, तर आईवडिलांच्या विवाहाचा पुरावाही लागला असता.) म्हणून आधी दादांच्या दाखल्यात नाव भरून घेण्याचा अर्ज नगरपालिकेत करा. सोबत त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत द्या. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र निराळे करा. त्याला विवाहाचा पुरावा जोडा.

आईच्या जन्माबाबत ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा लेखी दाखला घ्या, मात्र त्यावर थांबू नका. चोपडा तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मिळण्याची शक्यता आहे. त्यात बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, ‘मुलगी’ आणि तारीख एवढेच असते. अर्जावर गाव, साल आणि आजोबांचे पूर्ण नाव लिहा, नाहीतर कारकून वही उघडण्याआधीच ‘सापडत नाही’ म्हणतो. तेही नसेल तर वडीलधाऱ्या दोन नातलगांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचा दाखला चालतो. मराठी कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे; नोटरीचा शिक्का त्यासाठी लागत नाही.

उत्तर – धुळेकर, करसल्लागार

ग्रीन कार्ड घेतल्याने आईचे भारतीय नागरिकत्व जात नाही, आणि इथे रहिवासी असताना मिळालेली शेतजमीन त्यांच्याच नावावर राहते. सातबारा बदलावा लागत नाही. फक्त अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पीएम-किसानचे हप्ते अनिवासींना नाहीत, तेवढे थांबवावेत. बँक खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे, करून घ्यावे. निवृत्तिवेतन चालू राहते, पण नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरू नये.

जी गोष्ट कोणी सांगत नाही ती अशी: केळीचे उत्पन्न आपल्याकडे आयकरमुक्त असले, तरी ग्रीन कार्डधारकाला जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या विवरणात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. कापणीच्या महिन्यात पाच-सहा एकरांच्या बागेच्या खात्यात तेवढी रक्कम सहज येऊन जाते.

आणखी एक. कार्ड म्हणजे येण्या-जाण्याचा पास नव्हे. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्षभर राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना मागावा लागतो. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेण्यासाठीही आधी पाच वर्षे सलग वास्तव्य हवे, तोवर विम्याचा भार दादांवर. माझ्या सासूबाईंनी तीन हिवाळे सोसून आय-४०७ भरून कार्ड परत केले.

फैजपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दादांना हे सर्व वाचून दाखवले, आणि मग फोन आईकडे दिला. तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते. तिचे म्हणणे असे की, अर्ज घाल, पण मला जुलैच्या आत घरी सोड. त्यामुळे दादा आता केवळ आय-१३० दाखल करतील आणि पुढची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होईल. वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि मधल्या काळात भेटीच्या व्हिसावर जाताना अधिकारी शंका घेऊ शकतात, हेही त्यांना सांगितले आहे.

आज चोपड्याला जाऊन आलो. कोतवाल बुकात नोंद सापडली. आजोबांचे नाव, ‘मुलगी’, आणि तारीख १९ सप्टेंबर १९५४. पासपोर्टवर मात्र गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून आहे. दोन्ही तारखांचा खुलासा करणारे मोठ्या मामांचे प्रतिज्ञापत्र सोमवारी करून घेत आहे.