मदत हवी आहे : जोडाक्षरांपाशी अडणारी मुलं

दुसरी-तिसरीच्या मुलांना वाचन-लेखन शिकवते. काना, मात्रा, वेलांटीपर्यंत बहुतेक जण छान येतात, जोडाक्षरं आली की मात्र काही मुलं थबकतात. सगळ्यात जास्त गोंधळ 'र'चा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'चक्र'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाशी आणि 'वाऱ्यावर'मध्ये आणखी वेगळाच! रफार लिहायचा पुढच्या अक्षरावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी. त्यामुळे वहीत 'सूर्य'चं 'सूय्र' होतं. आधी टाळी वाजवत शब्द तोंडी फोडायचा आणि मग अक्षर दाखवायचं, याने वाचन सुधारलंय. लेखन तिथेच आहे.

दुसरी काळजी जास्त मोठी. काही मुलं अक्षराला अक्षर जोडत वाक्य पूर्ण करतात, पण काय वाचलं विचारलं की गप्प. सगळी शक्ती अक्षरं ओळखण्यातच संपते, असं मला वाटतं. त्यांना तोच उतारा पुन्हा वाचायला द्यावा, की त्याहून सोपा नवा? आणि श्रुतलेखन तूर्त थांबवावं का? लाल खुणा पाहून ही मुलं लिहायचंच सोडतील, अशी भीती वाटते.

अशा मुलांसोबत काम केलेल्यांनी नेमकं काय केलंत, ते कृपया सविस्तर सांगा.