शहाबादी फरशी, पण सिमेंटचा कोबा नको

अंगणात शहाबादी फरशी घालायची म्हटलं की बरेच जण सांगतात, आधी काँक्रीट टाका आणि त्यावरच फरशी बसवा. गाडी उभी करायची असेल तर ठीक. नुसती पायवाट असेल तर माझं मत उलट आहे.

मी पाच-सहा इंच माती काढली, तीन-चार इंच खडी पसरली, पाणी मारून धुम्मस केली, म्हणजे ठोकून घट्ट बसवली, आणि वर दीड इंच कच (दगडाचा बारीक चुरा). फरशी त्यावर कोरडीच बसवली. अट एकच, फरशी दीड-दोन इंच जाड हवी. घरात वापरतात ती पातळ लादी कोपऱ्यावर पाय पडला की मोडते. बसवल्यावर प्रत्येक फरशीवर उभं राहून बघा. डुगडुगली तर उचला, खाली कच भरा. हे कंटाळवाणं आहे आणि गवंडी हमखास टाळतो, त्यामुळे तेव्हा समोर थांबा.

उतार जोत्यापासून बाहेरच्या बाजूला, आठ फुटांना साधारण एक इंच. पहिल्या वेळी मी तो नजरेनेच काढला होता आणि जूनमध्ये पाणी थेट उंबऱ्याशी आलं. मग निम्मी फरशी पुन्हा उकरली.

पॉलिश केलेली घेऊ नका, पावसाळ्यात शेवाळ धरलं की घसरगुंडीच. आणि ते काढायला ॲसिड अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडक, ॲसिडने पृष्ठभाग खाल्ला जातो. ताठ ब्रश आणि पाणी पुरतं.

कोकणात असाल तर मात्र तिथे मिळणाऱ्या जांभ्या दगडाचाच विचार करा. वाहतूक वाचेल.