जाणाऱ्या माणसाला 'गाशा गुंडाळला का' म्हणू नये का?

सातरस्ता
परवा लेक पुण्याला हॉस्टेलला निघाली, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस होती म्हणून आदल्या रात्रीच बॅगा भरायला घेतल्या, घरभर नुसता पसारा, त्यात मी सहज म्हणलं, झाला का गाशा गुंडाळून? सासूबाईंनी हातातली शेंगाचटणीची बरणी खाली ठेवली आणि म्हणल्या, असं बोलू नये गं, पोरगी परत यायचीय. फार लागलं मनाला, कारण माझ्या मनात तसं काहीच नव्हतं. गाशा म्हणजे नेमकं काय ओ? सामानाला आपल्याकडं केवढे शब्द आहेत, बोचकं, गाठोडं, वळकटी, चंबूगबाळं, आणि लेक सगळ्याला एकच म्हणती, पॅकिंग.

जुनापुराणा
सासूबाई बरोबर आहेत. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, शब्द मूळ अरबी. आता खोगीर कुणी बघितलेलं नाही पण अर्थ राहिला, इथला कारभार संपला, परत यायचं नाही. बोऱ्याबिस्तऱ्याचंही तेच, बोऱ्या म्हणजे चटई. मला विचाराल तर दोष गाशाचा कमी आणि गुंडाळण्याचा जास्त. दुकान गुंडाळलं, प्रकरण गुंडाळलं, सभा गुंडाळली, सगळीकडं शेवटच आहे बघा. याउलट बांधणं घ्या. शिदोरी बांधून दिली, डबा बांधून दिला, त्यात कुणाचा तरी हात असतो. आणि 'भरणं' एकदम कोरडं, बॅग पण भरायची आणि महिन्याचं किराणा सामान पण भरायचं.

डबलबेल
एसटीत कंडक्टर होतो म्हणून सांगतो, आमच्याकडं एकाच पोत्याला दोन नावं असायची. पॅसेंजर म्हणणार 'सामान आहे', आम्ही म्हणणार 'लगेज आहे'. सामान म्हणजे आपलं, मांडीवर घेऊन बसायचं, आणि लगेज म्हणजे ज्याचं वेगळं तिकीट फाडायचं. म्हातारी बाई ज्वारीचं पोतं घेऊन चढली की सांगायची, लेकराच्या घरचं सामान आहे रे बाबा. तिला लगेज म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

बार्शीकर
पण बोचकं म्हणजे गबाळंच वाटतं की. एखाद्याला गबाळा म्हणतो ते पण त्यातलंच असणार. चांगली बॅग असताना बोचकं कोण म्हणतं आता.

पूर्वभाग
नाही पटलं. आमच्या तेलुगू घरात गाठोड्याला मूटा म्हणतात आणि त्यात कमीपणा कधीच वाटला नाही. वडील मागावर होते, कारखान्यात सुताचं बाचकं, म्हणजे गठ्ठा, यायचा तेव्हा मागाचा खटखटाट सुरू व्हायचा, म्हणजे आमचं पोटच त्या बाचक्यावर. गावाला जाताना आई जुनी चादर अंथरायची, मधी कपडे, वर कडक भाकरी, चटणी, मग समोरासमोरची टोकं ओढून दोन गाठी. पोहोचल्यावर गाठ सोडली की तीच चादर रात्री पांघरायला. बॅगेचं असं काही होत नाही, ती रिकामी झाली की माळ्यावर जाते.

चंद्रभागा
पंढरपूरहून लिहितोय. पडशी राहिली की तुमच्या यादीत! मधी खांद्यावर टाकायची, एक कप्पा पुढं एक मागं, वजन दोन्हीकडं सारखं पडतं म्हणून चालायला त्रास नाही. आता दिंडीत मोठं सामान ट्रकमधी जातं, पण आमचे आजोबा पडशी ट्रकमधी टाकू द्यायचे नाहीत. अंथरुणाची वळकटी जाऊ द्या म्हणायचे, पडशी अंगावरच पाहिजे.

सातरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. ज्वारीच्या पोत्यापाशी थांबवलं त्यांनी, म्हणल्या परत वाच. मग मीच लेकीला फोन करून सांगितलं, परवा मी बोलले ते चुकीचं होतं, आजीनं तुला बांधून दिलंय, गुंडाळून नाही. ती म्हणली चटणी संपत आलीय. येताना बरणी घेऊन ये म्हणलंय.